वरणातल्या झुरळाला पंख होते

औरंगाबादच्या उस्मानपुऱ्यातल्या त्या कॉलेजात सांडूमामा झूलॉजीच्या लॅबचा अटेंडंट होता आणि एकोणीस वर्षं त्याचं मुख्य काम एकच, झुरळं आणायची. ही गोष्ट शहाण्णव-सत्त्याण्णवची. तेव्हा बीएस्सीच्या पोरापोरींना प्रॅक्टिकलला झुरळ चिरावं लागायचं, मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या मारून. एका बॅचला चाळीस झुरळं, ती पण धडधाकट, मिशा न तुटलेली. ती काय शहागंजच्या बाजारात वाट्यावर मिळत नाहीत. ती सांडूमामा आणायचा. उस्मानपुऱ्यातल्या कुठल्या गटाराचं झाकण ढिलं आहे हे महापालिकेला माहीत नव्हतं, मामाला माहीत होतं. आणलेली झुरळं लॅबच्या मागच्या खोलीत जाळीच्या तीन पेट्यांत ठेवायची, पाव आणि पाणी द्यायचं, परीक्षा आली की क्लोरोफॉर्म.

मामा दहावी नापास, मूळचा पाचोडचा. पण लाळग्रंथी काढायला बसला की सरांपेक्षा साफ काढायचा. पोरी रडकुंडीला आल्या की "मामा, ओ मामा" करत त्यालाच हाक मारायच्या, आणि तो सरांची पाठ वळल्यावर चिमटा घेऊन दोन सेकंदात उलगडून दाखवायचा.

आणि ओळख म्हणाल तर! झुरळ म्हणजे झुरळ, त्यात काय बघायचं, असं सगळ्या जगाला वाटतं. मामाला तसं कुणी म्हटलं की राग यायचा. अंगठ्याएवढं, तांबडं, मानेवर पिवळट कडं असलेलं, ते गटारातलं, अमेरिकन. सर शिकवायचे की ते मुळात आफ्रिकेतलं, जहाजांत बसून जगभर पोचलं आणि नाव मात्र अमेरिकेचं पडलं. मामा म्हणायचा, "नाव अमेरिकन अन् पत्ता उस्मानपुरा नाली नंबर चार." रेडिओच्या पेटीत, कपाटाच्या वरच्या फळीला राहतं ते बारकं, पाठीवर आडवे फिके पट्टे, ते पण बाहेरून आलेलंच. आपलं खरं इथलं बघायचं तर पाचोडला जायचं. तिथं बोरीच्या पाचोळ्याखाली काळं कुळकुळीत निघतं, पाठीवर सात पांढरे ठिपके, दागिन्यासारखं. ते कुणाच्या घरात शिरत नाही. आणि गोठ्यातल्या भुसभुशीत धुळीत एक असतं, त्याची मादी गोल, बटणाएवढी, तिला पंखच फुटत नाहीत. मामा लहानपणी ती तळहातावर घेऊन बसायचा आणि मार खायचा.

मामाची बायको साळूबाई त्याच कॉलेजच्या हॉस्टेलची मेस चालवायची. अकरा वर्षं. सत्तर पोरं, दोन टाइम. जालन्याची, पैठणची, गंगापूरची पोरं तिला मावशी म्हणायची आणि ती त्यांना मुडदे म्हणायची. "ये मुडद्या, ताटात टाकलेलं संपव, तुझ्या बापानं पिकवलंय ते." ताप आलेल्याला खिचडी वेगळी, उपास धरलेल्याला भगर वेगळी. हात सदा ओले, पदर खोचलेला, आवाज पार गेटपर्यंत.

हॉस्टेलचा रेक्टर होता नानासाहेब. संस्थेतल्या बड्या माणसाच्या गोतावळ्यातला, म्हणून रेक्टर. पांढरा सफारी, खिशाला दोन पेनं, लिहिताना कुणी बघितलं नाही. त्याचा मेहुणा बद्रीनाथ चिकलठाण्याला एका कारखान्याचं कँटीन चालवायचा. त्या कँटीनचं गोदाम गळायला लागलं म्हणून नानासाहेबानं मेहुण्याची खोकी हॉस्टेलच्या कोठीत आणून टाकली, स्वयंपाकघराला लागूनच. बिस्किटाची, मसाल्याची, पापडाची खोकी, छतापर्यंत. साळूबाईला तांदळाच्या कोठीपर्यंत जायला वाट राहिली नाही. ती दोनदा बोलली. तिसऱ्यांदा तिनं सरळ प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं.

"सायेब, मेस कॉलेजची हाय का ह्यांच्या मेहुण्याची? ती खोकी उचला, न्हाय तर मी चूल बाहेर मांडते."

नानासाहेबाला बोलणी बसली. खोकी काही हलली नाहीत. पण त्या दिवसापासून नानासाहेबानं साळूबाईकडं बघायचं बंद केलं, आणि ते काही चांगलं लक्षण नव्हतं.

पंधरा दिवसांत ते झालं. दुपारची पंगत बसली होती. सेकंड इयरच्या एका पोरानं वरण वाढून घेतलं, भात कालवला आणि ओरडला. वरणात झुरळ. बारकं, नखाएवढं. पोरगं बिचारं तेवढं ओरडून गप्प बसलं असतं, मावशीनं ताट बदलून दिलं असतं, झालं असतं. पण नानासाहेब दारातच उभा होता. त्यानं येऊन ती वाटी हातात घेतली आणि बाकावर चढल्यासारखा आवाज लावला.

"बघा रे पोरांनो! नवरा लॅबात झुरळं पाळतो अन् बायको ती वरणात शिजवते! घरचा माल घरात खपला पाहिजे ना!"

आणि पोरं हसली. सगळी नाही, पण हसली. तापात जिच्या हातची खिचडी खाल्ली तिच्यावर हसली. साळूबाई पळी हातात धरून उभीच्या उभी राहिली. 

सांडूमामाला कुणीतरी बोलावून आणलं. तो आला, बायकोकडं बघितलं, आणि मग त्यानं जे केलं ते फक्त लॅबचा माणूसच करू शकतो. त्यानं वाटीतलं झुरळ चमच्यानं उचललं, नळाखाली हळूच धुतलं, खिशातल्या रिकाम्या इंजेक्शनच्या बाटलीत टाकलं. लॅबमध्ये जाऊन त्यावर स्पिरिट ओतलं. कागदाची चिठ्ठी कापून तिच्यावर पेन्सिलीनं लिहिलं, कारण शाई स्पिरिटमध्ये पसरते, पेन्सिल राहते: हॉस्टेल मेस, वरण, तारीख, वार. चिठ्ठी आत टाकली, बूच लावलं. 

मग बाटली उजेडाला धरली आणि त्याच्या डोक्यात वीज चमकली. फिकट, चहाच्या रंगाचं अंग. मानेवरच्या ढालीवर दोन काळ्या रेघा, उभ्या, शेजारी शेजारी. आणि पाठीवर पार शेपटापर्यंत आलेले पंख. हे आपलं नाही! हे आपल्या पेट्यांतलं नाहीच!

प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये मीटिंग भरली. नानासाहेब खुर्चीत, झूलॉजीचे हेड मधुसूदन सर खुर्चीत, सांडूमामा उभा. साळूबाई बाहेर, दाराला टेकून.

"सर, तुम्हीच सांगा," प्रिन्सिपॉल मधुसूदन सरांना म्हणाले. "हे तुमच्या लॅबमधलं आहे का?"

सर बावीस वर्षं फळ्यावर झुरळ काढत होते. लांबी-रुंदीसकट, तिन्ही जोड्या पाय, रंगीत खडूनं. बाटली त्यांच्यापासून चार हातांवर टेबलाच्या त्या टोकाला होती. त्यांनी चष्मा पण लावला नाही. नानासाहेबाकडं बघितलं, बाटलीकडं बघितलं.

"पिल्लू आहे. निम्फ. बारकं आहे म्हणून वेगळं वाटतं. जात तीच, आपल्या लॅबमधलीच."

"सर, पंख बघा की वो. पिल्लाला पंख..."

"सांडू. तू गप्प बस."

नानासाहेब हसला. "आता शिपाई प्रोफेसरला शिकवायला लागला!"

झालं. पेट्यांवर रॉकेल टाकून त्या मैदानात जाळायचा हुकूम, तो पण मामानंच अमलात आणायचा. मामानं जाळल्या. तीनशेच्या वर झुरळं होती, त्यानं स्वतःच्या हातानं पावाचे तुकडे घालून वाढवलेली, एकानंही कधी हॉस्टेल बघितलं नव्हतं. आणि साळूबाईला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून निरोप. मेस कुणाला? बद्रीनाथला. अजून कुणाला!

घरी साळूबाईनं भाकरी केली, ताट वाढलं आणि समोर बसली. डोळे कोरडे.

"माझं आईक. मला ती मेस परत भेटली न भेटली, चालंल. पर त्या नाना रेक्टरनं सत्तर पोरांपुढं माझं नाव घाण केलं. त्यानं सत्तर पोरांपुढंच ते धुवायचं. केबिनमधी नाय, कोपऱ्यात नाय. त्याच पंगतीत. तेवढं कर, मग माझ्यासाठी काय केलं नाय तरी चालंल."

"करतो," सांडूमामा म्हणाला.

"कसं करशील? तू शिपाई हायेस."

"शिपाई हाय, पर मला दिसतं. त्या सरला चष्मा लावून पण दिसत नाय."

आणि तिथून मामाला खुन्नस चढली. साधी नाही. जेवताना, चालताना, ट्रे धुताना डोक्यात तेच. पिल्लाला पंख नसतात! झुरळाचं पिल्लू कितीतरी वेळा कात टाकतं आणि शेवटच्या कातीला त्याला पंख येतात, त्याआधी नाही. म्हणजे पंख पूर्ण फुटलेलं झुरळ कितीही बारकं असलं तरी ते म्हातारंच, त्याची जातच बारकी. हे काय फार मोठं शास्त्र आहे? मिशा आलेला माणूस बुटका असला म्हणून त्याला कुणी अंगणवाडीत घालतं का? आणि हे हेड लोकांना कळू नये!

मामानं जॅमच्या बाटल्या जमवल्या. बाटलीच्या तोंडाला आतून व्हॅसलिन लावलं की झुरळ आत पडतं, वर चढता येत नाही. आत केळ्याचा तुकडा आणि गुळाचं पाणी लावलेला पाव. संध्याकाळी ठेवायच्या, सकाळी झाडणारे यायच्या आत उचलायच्या. लॅबमध्ये चार, गटाराशी दोन, स्वतःच्या घरात तीन. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात आणि कोठीत ठेवायला वॉचमन फकिराला मधे घातलं, कारण फकिराला साळूबाईच्या हातची शेंगदाण्याची चटणी आठवत होती आणि बद्रीनाथच्या स्वयंपाकानं त्याचं पोट बिघडलं होतं.

"मामा, यात काय अत्तर बनवणार का?" फकिरानं विचारलं.

"हा. नाना रेक्टरला लावायला."

महिनाभर हेच. लॅबच्या बाटल्यांत एखादं तांबडं, मोठं. गटाराशी तर तांबडीच तांबडी. घरात एक पट्ट्यावालं, रेडिओमागचं, आणि दोन मुंगळे. दोन रेघांचं एक नाही, शपथेला एक नाही. आणि कोठीतल्या बाटलीत? पहिल्याच सकाळी बावीस. सगळी चहाच्या रंगाची, सगळ्यांच्या मानेवर दोन रेघा. त्यांत एका मादीच्या शेपटाला अंड्यांची पिशवी लटकलेली. तांबडी मादी पिशवी कुठंतरी फटीत चिकटवून निघून जाते, ही मात्र पिल्लं निघेपर्यंत ती मागं धरून हिंडते. म्हणून तर ही जात खोक्यांतून गावोगाव जाते. आई आणि तीस-चाळीस लेकरं एका फेरीत, खोकं चिकलठाण्याहून उचललं की उस्मानपुऱ्यात अख्खी वसाहत.

मामा बाटल्या घेऊन मधुसूदन सरांकडं गेला. प्रत्येकीत चिठ्ठी, प्रत्येकीवर जागा आणि तारीख. सर पेपर तपासत होते.

"सर, फकस्त एकदा बघा."

सरांनी बघितलं. खरंच बघितलं, एक बाटली उजेडाला धरली सुद्धा, आणि मामानं दुसरी पुढं सरकवली. मग सरांनी ती खाली ठेवली.

"सांडू, प्रकरण मिटलंय. उकरू नको. मला अजून पाच वर्षं इथं काढायची आहेत."

म्हणजे कळलं होतं! कळून पण! मामाला त्या क्षणी नानासाहेबापेक्षा ह्या माणसाचा जास्त राग आला. नानासाहेबाला निदान झुरळातलं कळत तरी नव्हतं.

त्याच दिवशी मामानं ठरवलं. पुराव्यानं काय होत नाही, आता झुरळानंच होईल. कोठीतली दोनरेघी तो मारेना झाला. बिस्किटाच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात जिवंत ठेवायला लागला. दिवाळीपर्यंत दोनशेच्या वर झाली. नानासाहेबाचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. पाडव्याला त्याच्याकडं संस्थेचे सगळे बडे लोक फराळाला येतात हे सगळ्यांना माहीत. मागच्या दाराशी डबा आडवा करायचा, बस्स. शंकरपाळ्यात, चिवड्यात, सफारीच्या बाहीत. मामाला विचारानंच गुदगुल्या व्हायच्या.

पाडव्याच्या सकाळी तो डबा पिशवीत घालत होता तेव्हा साळूबाईनं मनगट धरलं.

"काय हाय त्यात?"

"तुला काय करायचं?"

तिनं डबा कानाला लावला. खसखस खसखस आवाज. तिनं डबा खाली ठेवला आणि नवऱ्याकडं असं बघितलं की त्यानं पिशवी बाजूला टाकली.

"मला नाय वाटत का? मला तर वाटतं त्याच्या अंथरुणात ओतावा. पर आवं, तो काय म्हणला हुता? सांडूची पाळलेली झुरळं दुसऱ्याच्या ताटात पडत्यात म्हणला हुता. आजवर ते खोटं हाय. तू हा डबा उघडलास की ते खरं. मग मी मेले तरी माझं नाव धुतलं जाणार नाय."

 डोकं बायकोचं चालतं हे त्याला लग्नापासून माहीत होतं, पण इतकं? त्यानं परसात पाणी उकळलं आणि डबा त्यात उपडा केला. एकसुद्धा सुटू दिलं नाही. जीव तुटला त्याचा, दोनशे वार एका पातेल्यात वाया गेले.

मग मार्च आला. युनिव्हर्सिटीचं प्रॅक्टिकल.

बीएस्सी केलेल्यांना स्पॉटिंग माहीत असतं. टेबलावर ओळीनं दहा नमुने मांडायचे, प्रत्येकासमोर नंबराची चिठ्ठी, घंटी वाजली की पोरानं पुढच्या नमुन्याकडं सरकायचं, ओळखायचं आणि लिहायचं. नमुने कुठले ठेवायचे ती यादी हेड देतात, मांडतो अटेंडंट. आणि बाहेरच्या कॉलेजातून एक परीक्षक येतो, एक्स्टर्नल, ज्याच्यापुढं सगळं डिपार्टमेंट तीन दिवस वाकून चालतं.

त्या वर्षी एक्स्टर्नल होत्या उमा मॅडम, परभणीकडच्या. ठेंगण्या, आवाज खणखणीत, पर्समध्ये स्वतःचं भिंग. किडे हाच त्यांचा विषय. ह्या कॉलेजात कोण कुणाचा मेहुणा ते त्यांना माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं.

आदल्या दिवशी सरांनी घाईत यादी मामाच्या हातात दिली. मामानं वाचली. नऊ नंबर: झुरळाचं पिल्लू, निम्फ.

मामानं कपाट उघडलं. पिल्लाची जुनी बाटली सुकून गेलेली, आतला किडा चुरा झालेला. त्यानं परत यादी वाचली. मग स्वतःच्या ड्रॉवरमधून ती इंजेक्शनची बाटली काढली. सरांनी प्रिन्सिपॉलसमोर सांगितलं होतं ना की हे पिल्लू आहे? हेड म्हणतील ते पिल्लू. शिपायानं काय करायचं, हुकूम पाळायचा. त्यानं बाटली फडक्यानं पुसली आणि नऊ नंबरवर ठेवली.

सकाळी परीक्षेआधी उमा मॅडम नमुने बघत आल्या. एक, दोन, तीन. सर शेजारी हात मागं बांधून. सात, आठ. नऊ नंबरला मॅडम थांबल्या. बाटली उचलली. भिंग काढलं.

"हे काय ठेवलंय, सर?"

"निम्फ, मॅडम. पेरिप्लॅनेटाचा, आपल्या अमेरिकन झुरळाचा." सरांनी बघितलंही नव्हतं.

"निम्फ? पंखांसकट?"

सरांनी आता बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. दारात तीस पोरं-पोरी रोल नंबर लावून उभी, सगळ्यांचे कान इकडं.

"अहो, हे पूर्ण वाढलेलं जर्मन झुरळ आहे. पहिल्या वर्षाचं पोर सांगेल. मानेवर दोन रेघा दिसत नाहीत? पोरांनी ह्याला निम्फ लिहिलं तर मार्क द्यायचे का कापायचे?" मॅडमनी चिठ्ठी वाचली, मोठ्यानं. "हॉस्टेल मेस, वरण. म्हणजे? हे कुणाच्या वरणात सापडलं?"

"ते... सांडू, ही बाटली तू का ठेवली?"

मामा ह्याच वाक्यासाठी सहा महिने जगला होता.

"सर, यादीत पिल्लू लिहिलंय. तुम्हीच प्रिन्सिपॉलसायबांपुढं म्हणला हुता ना, हे पिल्लू हाय म्हणून. तुमच्यापुढं मी काय बोलणार?"

कुणीतरी पोरगी फिसकन हसली. सर कानापर्यंत लाल. मॅडमनी सरांकडं बघितलं, मामाकडं बघितलं, आणि त्या काय मूर्ख नव्हत्या.

"अजून आहेत का अशी?" त्यांनी मामाला विचारलं.

मामानं ड्रॉवर उघडला. सगळ्या बाटल्या. लॅब, गटार, घर, स्वयंपाकघर, कोठी. मॅडम स्टुलावर बसल्या आणि एकेक भिंगाखाली बघत गेल्या, परीक्षा वीस मिनिटं उशिरा चालू झाली. शेवटी म्हणाल्या, "हे काम तुम्ही केलं? छान केलंय." मग सरांना, "मला दुपारी ही कोठी बघायची आहे."

दुपारी एक्स्टर्नलच्या जेवणासाठी मेसमध्ये खास बेत होता. पंगत बसलेली, नानासाहेब हार घेऊन तयार, बद्रीनाथ पुऱ्या तळतोय. मॅडमनी हार बाजूला ठेवला आणि सरळ कोठीत शिरल्या. मागं मामा, मागं सर, मागं जेवण सोडून उठलेली पोरं.

"मॅडम, इथं अंधार आहे, बसा ना, पुऱ्या गरम..." नानासाहेब मधे मधे.

मॅडमनी सगळ्यात खालच्या खोक्यावर पायानं टकटक केलं. मग वाकून त्याचं झाकण उचकटलं.

बाहेर पडली ना! भिंतीवर, मॅडमच्या चपलेवर, नानासाहेबाच्या पांढऱ्या सफारीच्या पॅन्टवर. नानासाहेब नाचायला लागला, अक्षरशः नाचायला. मॅडमनी एक चिमटीत धरलं आणि पोरांना दाखवलं, शिकवल्यासारखं.

"ही मादी. ही अंड्यांची पिशवी. ही वसाहत कितीतरी महिन्यांची असेल, आणि ती ह्या खोक्यांतून आली. ही खोकी कुणाची?"

"मेहुण्याची," मागून कुणीतरी म्हणालं. हशा.

"पण मॅडम," नानासाहेब पॅन्ट झटकत म्हणाला, "ह्या सांडूनं लॅबमधून..."

"लॅबमधून? एवढंसं झुरळ लॅबमध्ये कोण ठेवेल? हे चिरायला बसलं तर टाचणीच त्याच्यापेक्षा मोठी. चिरायला मोठं लागतं. तुम्हाला एवढं माहीत नसेल, पण ह्यांच्या हेडना तरी माहीत असणार. काय हो सर?"

मधुसूदन सर खाली बघून म्हणाले, "हो." मग थोडं थांबून, "लॅबमधलं नव्हतं. मी चुकीचं सांगितलं." प्रिन्सिपॉलना त्यांनी संध्याकाळी लेखी पण दिलं. मामानं त्यासाठी त्यांना माफ केलं नाही. रिटायर होईपर्यंत त्यांचे ट्रे त्यानं धुतले, पण चहा पुन्हा कधी आणून दिला नाही.

खोकी त्याच आठवड्यात गेली, बद्रीनाथ गेला. प्रिन्सिपॉलनी साळूबाईला बोलावलं. केबिनमध्ये नानासाहेब पेढ्याचा पुडा घेऊन बसलेला.

"झालं गेलं विसरा वहिनी. मी मनात काय ठेवत नाही."

"तुम्ही नका ठेवू. मी ठेवलंय," साळूबाई म्हणाली. "पंगतीत चला."

"आता पोरांपुढं कशाला..."

"तवा कशाला हुती पोरं?"

प्रिन्सिपॉलनी पेढ्याचा पुडा नानासाहेबाकडं परत सरकवला, आणि त्याचा अर्थ नानासाहेबाला बरोबर कळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सत्तर पोरं पाटावर. साळूबाई पळी घेऊन चुलीपाशी, मामा दाराला. नानासाहेब मधे उभा राहिला, घसा खाकरला, आणि पुटपुटला की मागच्या प्रकारात साळूबाईंची काही चूक नव्हती, झुरळ आपल्या... खोक्यांतलं होतं.

"मागच्या रांगेला ऐकू नाय गेलं," साळूबाई म्हणाली.

त्यानं परत सांगितलं.

"कुणाच्या खोक्यांतलं? आपल्या म्हंजी? माझ्या का?"

"माझ्या मेहुण्याच्या," नानासाहेब ओरडलाच शेवटी, आणि तरातरा निघून गेला. जी पोरं तेव्हा हसली होती ती माना खाली घालून बसलेली. साळूबाईनं एकेकाला वाढलं, आणि त्या हसणाऱ्यांच्या ताटाशी आल्यावर प्रत्येकाला विचारलं, "वरण पाहिजे का नको?" असं विचारलं की पोरांना घास गिळेना. तिला सगळ्यांची तोंडं पाठ होती. वर्ष संपेपर्यंत ती त्यांना तसंच विचारत राहिली.

मामाचं मन भरलं का? छे. माणूस म्हणतो एवढं झालं की बस, पण ते झाल्यावर कळतं की बस नाही.

जूनच्या सुरुवातीला नानासाहेब स्वतः मामाच्या दारात आला. सफारी नव्हता, साधा शर्ट. चौकटीतच उभा राहिला.

"सांडू, घरात लई झालीत रे. बद्रीनं सुट्टीत थोडं सामान माझ्याकडं ठेवलं होतं. किचनमध्ये, मिक्सरमध्ये, फ्रिजच्या मागं. बायको माहेरी जाते म्हणते. तुझ्याइतकं कुणाला कळत नाही ह्यातलं. काय करू?"

ह्यातलं मामाला खरंच कळत होतं. बोरिक पावडर, पिठीसाखर आणि कणीक मळून गोळ्या करायच्या, फटीफटीत ठेवायच्या, महिनाभर धीर धरायचा. खातात, बिळात जातात, तिथंच मरतात. फवारा मारला तर मात्र ती उधळतात. स्वयंपाकघरातली बेडरूममध्ये, बेडरूममधली देवघरात, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याकडं.

आत साळूबाई पीठ मळता मळता थांबली होती. नानासाहेब गेल्यावर तिनं विचारलं, "सांगितलं का औषध?"

"सांगितलं."

"काय सांगितलं?"

"फवारा म्हणलं. दाबून फवारा, सगळ्या खोल्यांत."

साळूबाईनं क्षणभर नवऱ्याकडं बघितलं आणि पीठ मळायला घेतलं. "हप्त्यानं परत यील तो," ती म्हणाली.

"यीऊ दे. तवा सांगू, अजून फवारा."